कार्ल लिनियस : तणांना नावे देणारा माणूस आणि जंगली मुळ्यावरचा खोटा ठपका

मोहरीच्या बियाण्याच्या पिशवीवर, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत किंवा तणनाशकाच्या माहितीपत्रकात पिकाच्या आणि तणाच्या नेहमीच्या नावाशेजारी दोन शब्दांचे आणखी एक नाव असते. मोहरीसाठी ब्रासिका जुन्सिया, मुळ्यासाठी रॅफॅनस सॅटिव्हस, पिवळ्या धोत्र्यासाठी आर्जिमोन मेक्सिकाना. आपल्याकडे एकाच तणाला चार तालुक्यांत चार नावे असतात आणि एकाच नावाने दोन वेगळी तणेही ओळखली जातात. म्हणून शिफारस करताना हे दोन शब्दांचे नाव लागतेच. ही पद्धत रूढ करणारे स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे कार्ल लिनियस.

शाळेच्या पुस्तकात त्यांचे चरित्र चार ओळींत संपते. पण शेतीशी संबंध असलेल्यांनी त्यातला एक भाग मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. मोहरी कुळातल्या ज्या जंगली मुळ्याला लिनियस यांनी कायमचे शास्त्रीय नाव दिले, त्याच मुळ्यावर त्यांनी एका भयंकर रोगाचे खापर फोडले. नाव बरोबर होते, आरोप चुकीचा होता.

पाद्र्याचा मुलगा

कार्ल यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात, रोशुल्ट या खेड्यात झाला. हा भाग दगडधोंड्यांचा, जंगलाचा आणि हलक्या जमिनीचा. वडील निल्स हे चर्चचे पाद्री होते आणि त्यांना बागेचे वेड होते. त्या काळी तिथल्या शेतकरी कुटुंबांत आडनाव नसे, वडिलांच्या नावावरून मुलाची ओळख होई. शिक्षणासाठी आडनाव हवे म्हणून निल्स यांनी घराण्याच्या जमिनीवरील लिंडेन वृक्षावरून लिनियस हे नाव घेतले. जगभरच्या वनस्पतींना नावे देणाऱ्या माणसाचे स्वतःचे आडनाव असे झाडावरून आलेले आहे.

लहान कार्लला वडिलांनी बागेत स्वतःचा एक वाफा दिला होता. मुलगा पाद्री व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती, पण वेक्षो गावच्या शाळेत त्याचे धर्मशास्त्रात लक्ष लागेना. शिक्षकांनी वडिलांना स्पष्ट सांगितले की या मुलाला एखाद्या कारागिराच्या हाताखाली घालावे. तेव्हा त्याच शाळेत शिकवणारे डॉक्टर योहान रोथमान मध्ये पडले. त्यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले, शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवले आणि डॉक्टरकीच्या वाटेला लावले. रोथमान हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१७२७ मध्ये लुंड आणि १७२८ मध्ये उप्साला येथील विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. खिशात पैसे नव्हते. उप्सालात ओलोफ सेल्सियस या प्राध्यापकांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर हे वनस्पतींचे नर व मादी अवयव आहेत, ही कल्पना तेव्हा युरोपात नवी होती. लिनियस यांनी १७२९ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला आणि विद्यापीठात त्यांचे नाव झाले. १७३२ मध्ये त्यांनी उत्तरेकडच्या लॅपलँड प्रदेशात काही महिने एकट्याने प्रवास केला, तेथील वनस्पती गोळा केल्या आणि सामी लोकांचे औषधोपचार व खाणेपिणे यांची नोंद केली.

पहिली चूक : ताप आणि चिकणमाती

१७३५ मध्ये ते हॉलंडला गेले. तिथल्या हार्डरवेक गावच्या विद्यापीठात काही दिवसांतच डॉक्टरेट मिळत असे. लिनियस आपला प्रबंध बरोबर घेऊनच गेले होते. विषय होता थंडी वाजून येणारा पाळीचा ताप, म्हणजे आजच्या भाषेत मलेरिया. स्वीडनमध्ये हिंडताना त्यांनी पाहिले होते की हा ताप चिकणमातीच्या सखल भागात जास्त आढळतो. त्यावरून त्यांनी असे मत मांडले की मातीचे सूक्ष्म कण पाण्यातून शरीरात जातात आणि ताप आणतात.

निरीक्षण खोटे नव्हते. चिकण जमिनीत पाणी साचते, साचलेल्या पाण्यात डास होतात. पण मलेरियात डासांची भूमिका कळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. लिनियस यांना माती दिसली, डास दिसला नाही. पुढे जंगली मुळ्याच्या बाबतीत त्यांच्याकडून जवळजवळ अशीच चूक झाली.

त्याच वर्षी त्यांचे सिस्टिमा नॅचुरी हे पुस्तक हॉलंडमध्ये छापले गेले. मोठ्या आकाराची जेमतेम दहा-बारा पाने, पण त्यात खनिजे, वनस्पती आणि प्राणी यांची वर्गवारी होती. जॉर्ज क्लिफर्ड या श्रीमंत व्यापाऱ्याने त्यांना आपल्या बागेची आणि वनस्पती संग्रहाची देखरेख करायला ठेवून घेतले. तेथील काचगृहात लिनियस यांनी केळीला फूल आणि फळ आणून दाखवले. आज जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला याचे काही वाटणार नाही, पण हॉलंडच्या थंडीत तेव्हा ती मोठीच गोष्ट होती.

हॉलंडमध्येच त्यांचा भारतातील वनस्पतींशी परिचय वाढला. कोचीनचे डच अधिकारी व्हान रेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर तयार करवून घेतलेला हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला होता. त्यातील माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य होते. या तिघांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियस भारतात कधीच आले नाहीत. आपल्याकडच्या अनेक झाडांची नावे त्यांनी या ग्रंथातील चित्रे आणि वर्णने पाहून ठरवली.

मोहरीचे फूल मोजून पाहा

लिनियस यांची वर्गवारी समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. मोहरीचे, मुळ्याचे किंवा फुलकोबीच्या बियाणे प्लॉटमधले एक उमललेले फूल घ्या. चार पाकळ्या अधिक चिन्हासारख्या आडव्या-उभ्या असतात. त्या काढल्या की आत सहा पुंकेसर दिसतात, त्यातले चार लांब आणि दोन आखूड. लिनियस यांनी सगळ्या वनस्पतींचे पुंकेसरांच्या संख्येवरून आणि मांडणीवरून चोवीस वर्ग पाडले. त्यातला पंधरावा वर्ग या चार लांब व दोन आखूड पुंकेसरांचा. त्याचे पुन्हा दोन भाग, आखूड शेंगेचे आणि लांब शेंगेचे.

ही पद्धत सोपी होती आणि तेच तिचे बळ होते. खेड्यातला डॉक्टर, पाद्री, जहाजावरचा खलाशी, कोणीही फूल मोजून झाडाचा वर्ग सांगू शकत असे. टीकाही भरपूर झाली. झाडांच्या लग्नांची आणि नर-मादीची भाषा काहींना असभ्य वाटली. योहान सीगेसबेक नावाच्या टीकाकाराचे नाव लिनियस यांनी एका क्षुल्लक, चिकट तणाला देऊन टाकले. ते नाव आजही चालू आहे. शास्त्रज्ञसुद्धा डूख धरतात, दुसरे काय!

केवळ पुंकेसर मोजून पाडलेले त्यांचे बहुतेक वर्ग पुढे मोडीत निघाले, कारण त्यात एकमेकांशी नाते नसलेली झाडे एकत्र आली होती. मोहरीचा वर्ग मात्र जवळजवळ जसाच्या तसा टिकला. आजचे मोहरी कुळ, म्हणजे ब्रासिकेसी, बव्हंशी तेच आहे.

कुळाच्या आतली मांडणी मात्र बदलली. निदले, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दले, उभी मिटलेली असतील तर ब्रासिका आणि बाहेर पसरलेली असतील तर सिनॅपिस, असा भेद लिनियस यांनी केला होता. त्यामुळे कोबी, सलगम हे ब्रासिकात गेले, तर आपली मोहरी सिनॅपिस जुन्सिया म्हणून आणि काळी मोहरी सिनॅपिस नायग्रा म्हणून दुसऱ्या प्रजातीत गेली. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही मोहऱ्या ब्रासिकात हलवल्या गेल्या. १९३५ मध्ये जपानमध्ये काम करणारे कोरियन वंशाचे शास्त्रज्ञ ऊ नागाहारू यांनी गुणसूत्रांवरून दाखवले की आपली मोहरी ही सलगम-तोरिया गटातील ब्रासिका रापा आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून तयार झालेली आहे. म्हणजे लिनियस यांनी आई एका घरात आणि बाप दुसऱ्या घरात ठेवला होता. निदलांकडे पाहून हे कळणे शक्यच नव्हते.

विस्तार कार्यकर्त्यांना एक गोंधळ नेहमी भेटतो. जुन्या पुस्तकांत तोरिया आणि पिवळी सरसों यांचे नाव ब्रासिका कॅम्पेस्ट्रिस असते, नव्या पुस्तकांत ब्रासिका रापा. लिनियस यांनी मुळाशी गड्डा धरणाऱ्या सलगमला रापा आणि शेतात आपोआप उगवणाऱ्या बारीक मुळाच्या झाडाला कॅम्पेस्ट्रिस अशी वेगळी नावे दिली होती. दोन्ही एकच जाती आहेत हे १८३३ मध्ये मेट्झगर यांनी मांडले आणि रापा हे नाव धरले. पुस्तके बदलायला वेळ लागतो, इतकेच.

सुटे कागद

१७३८ मध्ये लिनियस स्वीडनला परतले. पुढच्या वर्षी सारा लिसा मोरेया यांच्याशी त्यांचे लग्न झाले. काही काळ त्यांनी स्टॉकहोममध्ये डॉक्टरकी केली आणि १७४१ मध्ये ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथून पुढचे सारे आयुष्य त्याच गावात गेले.

वनस्पती दाबून वाळवून कागदावर लावण्याची पद्धत त्यांच्या आधी दोनशे वर्षे चालू होती. पण असे नमुने बहुधा जाड पुस्तकात चिकटवून बांधून टाकत. एकदा पुस्तक बांधले की पान पुढेमागे करता येत नाही. नवीन झाड सापडले तर ते शेवटी, मग त्याचा भाऊबंद पहिल्या पानावर का असेना. लिनियस यांनी प्रत्येक झाड सुट्या कागदावर लावले, एका कागदावर एकच जाती, आणि असे कागद उभ्या कपाटात वर्गवार रचले. मत बदलले की कागद एका कप्प्यातून काढून दुसऱ्यात ठेवायचा. कपाट कसे बांधावे, कप्पे किती असावेत, हेसुद्धा त्यांनी १७५१ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. आजही जगातील बहुतेक हर्बेरियम याच सुट्या कागदांच्या पद्धतीने चालतात.

मोहरी कुळात या कपाटाचा उपयोग विशेष होतो. पिवळ्या चार पाकळ्यांची फुले सगळ्यांची सारखीच दिसतात, खरा फरक पिकलेल्या शेंगेत असतो. मोहरीची शेंग पिकली की दोन्ही बाजूंनी उकलते आणि मधला पातळ पडदा राहतो. जंगली मुळ्याची, म्हणजे रॅफॅनस रॅफॅनिस्ट्रमची, शेंग उकलत नाही. तिला मण्यांच्या माळेसारखे आवळे पडलेले असतात आणि ती आवळ्याआवळ्याला तुटते. प्रत्येक तुकड्यात एक बी. हा तुकडा आकाराने साधारण धान्याच्या दाण्याएवढा असतो, त्यामुळे चाळणीतून तो वेगळा होत नाही. ही बारीक गोष्ट पुढच्या हकिगतीत महत्त्वाची आहे.

अनोळखी तण कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात ओळखायला पाठवायचे असेल तर मोबाईलवरचा फुलाचा फोटो पुरत नाही, तो याच कारणाने. झाड मुळासकट काढावे. त्यावर फूल आणि पक्व शेंग किंवा बोंड दोन्ही असावे. वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वर वजन ठेवावे आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी येते. सोबतच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, कोणत्या पिकात सापडले, गावातले नाव आणि फुलाचा रंग लिहावा. वाळल्यावर रंग उडतो.

गावाकडचे शेतकरी आणि एक काढून टाकलेले पान

१७४० च्या दशकात स्वीडन गरीब झाला होता. बाहेरून येणाऱ्या रंगांवर, औषधांवर, चहावर पैसा जातो म्हणून सरकारला काळजी होती. देशात काय पिकते, कोणते रानटी झाड उपयोगी पडेल, हे पाहायला लिनियस यांना वेगवेगळ्या प्रांतांत पाठवण्यात आले. १७४१ मध्ये ओलांड आणि गोटलांड ही बेटे, १७४६ मध्ये व्हेस्टरगोटलांड आणि १७४९ मध्ये स्कोने. या प्रवासांत ते शेतकऱ्यांच्या घरी थांबत. कुंपणे कशी घालतात, गुरांना काय चारतात, कोणत्या जमिनीत कोणते तण माजते, हे लिहून घेत.

१७४९ च्या प्रवासात ते आपल्या गावावरून गेले. आई-वडील राहिले नव्हते, धाकटे भाऊ सॅम्युएल पाद्री झाले होते (पुढे त्यांनी मधमाशीपालनावर पुस्तक लिहिले). स्मोलांडचे शेतकरी जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत धान्य घेत. आपल्याकडच्या कुमरी शेतीसारखाच प्रकार. मोठ्या जमीनदारांना आणि सरकारी मंडळींना तो मान्य नव्हता, कारण जंगल जाते. लिनियस यांनी पुस्तकात या शेतकऱ्यांची बाजू घेतली. दगडाळ जमिनीत त्यांना दुसरा मार्ग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कार्ल होर्लेमान या वजनदार सरदाराला ते आवडले नाही. शेवटी तो मजकूर काढून तिथे शेणखताविषयीचा मजकूर घालावा लागला. सरकारी खर्चाने हिंडणाऱ्या माणसाच्या लेखणीला मर्यादा असतातच, पण त्या शेतकऱ्यांशी त्यांची नाळ तुटली नव्हती, हेही यातून दिसते.

१७५३ मध्ये स्पीशीज प्लांटारम हा त्यांचा मुख्य ग्रंथ आला. सुमारे १,१०० प्रजाती आणि ५,९०० जाती. त्याआधी झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वर्णनच असे. नवी जाती सापडली की फरक दाखवायला जुने नाव आणखी लांबवावे लागे. लिनियस यांनी प्रत्येक जातीच्या वर्णनाशेजारी समासात एक छोटा शब्द छापला. प्रजातीचे नाव आणि हा शब्द मिळून दोन शब्दांचे नाव. त्यांच्या दृष्टीने ती केवळ सोय होती. लोकांनी लांब वर्णने सोडली आणि सोयच उचलली. आज वनस्पतींच्या नावांचा अधिकृत आरंभ याच १७५३ च्या ग्रंथापासून धरला जातो. जंगली मुळ्याचे रॅफॅनस रॅफॅनिस्ट्रम हे नाव त्यातलेच.

रॅफॅनिया

अठराव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण स्वीडनमध्ये एका रोगाच्या साथी येत होत्या. हातापायांना मुंग्या येत, मग स्नायू आखडत, बोटे आत वळत, झटके येत. काहींची शुद्ध हरपे, काही दगावत. लहान मुले आणि गरीब घरे यात जास्त. सुगीनंतर नवे धान्य खायला सुरुवात झाली की रोग दिसे. जर्मनीतही हा रोग माहीत होता. तो खाण्यातून येतो, एवढे लोकांच्या लक्षात आले होते.

लिनियस डॉक्टर होते आणि हा त्यांच्या मुलखाचा रोग होता. त्यांनी रोगी घरांतले धान्य पाहिले. गरिबांच्या सातूत (बार्लीत) जंगली मुळ्याच्या शेंगांचे तुकडे भरपूर होते. श्रीमंतांकडे धान्य साफ करून खात, तिथे रोग कमी. ओल्या वर्षी तण माजते, ओल्या वर्षीच रोगही वाढतो. सगळ्या खुणा जुळत होत्या. १७६३ मध्ये उप्सालात या विषयावर एक प्रबंध सादर झाला. त्यात रोगाचे कारण जंगली मुळ्याचे बी ठरवले गेले आणि रॅफॅनस या नावावरूनच रोगाला रॅफॅनिया हे नाव दिले गेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रबंधातील विचार गुरूचा असे आणि शिष्य तो सभेत मांडत असे. हा शिष्य होता योरान रोथमान, वेक्षोच्या ज्या डॉक्टरांनी कार्लला कारागिरीपासून वाचवले त्यांचा मुलगा.

खरे कारण त्याच धान्यात होते. राय नावाचे थंड प्रदेशातले तृणधान्य आहे (आपल्या राईशी, म्हणजे मोहरीशी, त्याचा संबंध नाही). फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड व ओली राहिली की रायच्या कणसात दाण्याच्या जागी काळपट जांभळ्या, कोंबड्याच्या नखासारख्या गाठी तयार होतात. हा अरगट. बुरशीची ही गाठ दळली गेली की तिच्यातील विषारी अल्कलॉइड भाकरीत उतरतात. फ्रान्समध्ये दोदार यांनी १६७६ मध्येच रायच्या या काळ्या गाठींवर बोट ठेवले होते. पण फ्रान्समधल्या रोग्यांचे हातपाय काळे पडून गळत, स्वीडनमधल्यांना झटके येत. एकाच विषाची ही दोन रूपे आहेत हे ओळखणे सोपे नव्हते.

लिनियस यांचे कुठे चुकले, हे शेतकऱ्याच्या अंगाने पाहिले तर नीट कळते. तण ओळखण्यात चूक नव्हती. जंगली मुळा तोच होता, धान्यात तो होताच, ओल्या वर्षी तो वाढतही होता. पण ओले वर्ष तणालाही मानवते आणि बुरशीलाही. गरिबाच्या धान्यात तणाचे बी राहते तसे अरगटही राहते. दोन गोष्टी एकाच पोत्यात सापडल्या. एक हिरव्या रोपापासून ओळखीची होती आणि तिला स्वतः दिलेले नाव होते. दुसरी दाण्याची विकृती समजली जात होती. आपल्या ओळखीच्या वस्तूवर संशय लवकर जातो.

याचा परिणाम कागदापुरता राहिला नाही. लिनियस यांच्या नावाचे वजन मोठे. रॅफॅनिया हा शब्द वैद्यकीय ग्रंथांत एकोणिसाव्या शतकातही चालू राहिला. ज्या शेतकऱ्याने हा सल्ला मानून मुळ्याचे तुकडे वेचून काढले आणि काळ्या गाठी तशाच दळल्या, त्याच्या घरी रोग थांबणार नव्हता.

आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अरगट नवा नाही. बाजरीवर येणारा अरगट वेगळ्या जातीच्या बुरशीचा असतो. फुलोऱ्यात पाऊस आणि ढगाळ हवा राहिली की कणसातून आधी मधासारखा चिकट गुलाबी द्रव गळतो, नंतर काळपट गाठी दिसतात. अशी बाजरी खाण्यात आली तर मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. पेरणीपूर्वी बियाण्यास मिठाच्या २० टक्के द्रावणाची प्रक्रिया करतात ती यासाठीच. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे आणि ढवळावे. हलक्या गाठी आणि पोचट बी वर तरंगते, ते काढून नष्ट करावे. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

आणि ज्या ठिकाणी तण खरोखर दोषी आहे असे उदाहरणही आपल्याकडेच आहे. पिवळा धोत्रा, काही भागांत बिलायत म्हणतात तो. काटेरी, पांढऱ्या शिरांच्या पानांचा, मोडला की पिवळा चीक येणारा. हा मोहरी कुळातला नाही, अफूच्या कुळातला आहे. त्यालाही आर्जिमोन मेक्सिकाना हे नाव लिनियस यांनीच १७५३ मध्ये दिले. त्याचे काळसर बी मोहरीत मिसळले तर सहज लक्षात येत नाही. त्याच्या तेलातील विषामुळे पायांवर सूज येते, धाप लागते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलामुळे या रोगाची मोठी साथ आली होती आणि माणसे दगावली होती. शेतात फुलावरून फरक सोपा आहे. मोहरीला चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर, पिवळ्या धोत्र्याला बहुधा सहा पाकळ्या आणि मोजता न येण्याइतके पुंकेसर. लिनियस यांची मोजणी इथे अजून कामाला येते. बियाणे तयार झाल्यावर मात्र उशीर होतो, म्हणून मोहरीच्या प्लॉटमधला पिवळा धोत्रा बोंडे धरण्याआधीच उपटावा.

संग्रहाचे पुढे काय झाले

लिनियस यांना १७६१ मध्ये सरदारकी मिळाली. उप्सालाजवळ हामरबी येथे त्यांनी शेतजमीन घेतली होती. उन्हाळ्यात ते तिथे राहत आणि विद्यार्थ्यांना शिकवत. त्यांचे विद्यार्थी जगभर गेले आणि काही परतलेच नाहीत. योहान क्योनिग दक्षिण भारतात तरंगमबाडीला आले आणि इथल्या वनस्पतींच्या अभ्यासात त्यांचा मोठा वाटा आहे. योरान रोथमान उत्तर आफ्रिकेत त्रिपोलीपर्यंत जाऊन आले. १७७४ पासून लिनियस यांना पक्षाघाताचे झटके येऊ लागले. स्मृती गेली. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले आणि उप्सालाच्या मुख्य चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. वडिलांची गादी मिळालेला मुलगा कार्ल पाच वर्षांतच वारला.

मुलींची सोय लावायची म्हणून पत्नीने संग्रह विकायला काढला. १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाने तो १,००० गिनींना घेतला. सुमारे १४,००० वनस्पती, शिवाय कीटक, शिंपले, पत्रे आणि पुस्तके जहाजाने लंडनला गेली. १७८८ मध्ये स्मिथ यांनी लिनियन सोसायटी स्थापन केली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८२९ मध्ये संस्थेने हा संग्रह विकत घेतला. स्वीडनला याची रुखरुख अजून आहे. त्या सुट्या कागदांची छायाचित्रे आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. त्यात मोहरी, मुळा, कोबी यांचे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचे तपकिरी पडलेले नमुने आहेत. काहींवर लिनियस यांच्या अक्षरात जातीचे नाव आहे.

१८५३ मध्ये फ्रान्सचे तुलान यांनी अरगटच्या बुरशीचे जीवनचक्र उलगडून दाखवले. काळी गाठ ही दाण्याची विकृती नसून स्वतंत्र बुरशी आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. रॅफॅनिया हा शब्द हळूहळू वैद्यकातून गेला. रॅफॅनस रॅफॅनिस्ट्रम हे नाव तसेच राहिले. ऑस्ट्रेलियाच्या गहू पट्ट्यात हे आज मोठे तण आहे आणि अनेक तणनाशकांना ते दाद देत नाही. त्याची आवळे पडलेली शेंग अजूनही धान्याबरोबर पोत्यात जाते.